शाप नव्हे, मेन्टेनन्स!

रविवारच्या पुरवण्यांना 'शापित घराणं' हा विषय फार आवडतो. केनेडी झाले, ग्रीसचे ओनासिस झाले, दर दोन-चार वर्षांनी तेच फोटो पुन्हा बाहेर निघतात. पांढरीशुभ्र यॉट, काळा चष्मा लावलेला म्हातारा, शेजारी जॅकी केनेडी. खालचा मजकूरही ठरलेला असतो. अफाट पैसा, एकामागून एक मृत्यू, आणि शेवटच्या ओळीत 'नियतीपुढे कुणाचं चालत नाही'. आपण वाचतो, हळहळतो, चहा संपवतो आणि शब्दकोड्याकडे वळतो.

मला या 'नियती'शी थोडं भांडायचं आहे. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये आणि पुढचं सगळं इंग्रजीतच झालं, त्यामुळे मराठी लिहिताना जरा अडखळायला होतं. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण भांडायचं म्हटलं की मातृभाषाच बरी पडते!

ज्यांना हे घराणं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अ‍ॅरिस्टॉटल सॉक्रेटिस ओनासिस (हो, एकाच माणसाच्या नावात दोन-दोन तत्त्वज्ञ!) याचा जन्म १९०६ साली स्मिर्ना शहरात झाला. स्मिर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. वडील तंबाखूचे व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. १९२२ साली ग्रीक-तुर्की युद्धाच्या शेवटी तुर्की सैन्य शहरात शिरलं, शहराचा मोठा भाग जळून खाक झाला. ओनासिसांचे काही नातेवाईक मारले गेले, वडिलांना तुरुंगात टाकलं आणि कुटुंब निर्वासित होऊन ग्रीसला आलं. पुढच्याच वर्षी हा मुलगा बोटीने अर्जेंटिनाला, ब्यूनोस आयर्सला पोचला. रात्री टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी, दिवसा तंबाखूची खटपट. थोड्याच वर्षांत हातात बऱ्यापैकी पैसा खेळायला लागला. मग जगभर मंदी आली. जहाजांना गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्याने कॅनडातली सहा जुनी मालवाहू जहाजं जवळजवळ भंगाराच्या भावात उचलली. सगळे विकत असताना हा घेत होता.

पुढे तो तेलवाहू जहाजांत म्हणजे टँकरमध्ये उतरला. इथे त्याचं डोकं बघा. आधी मोठ्या तेल कंपनीबरोबर काही वर्षांचा भाडेकरार करायचा, तो करार बँकेला दाखवून कर्ज काढायचं आणि त्या कर्जातून जहाज बांधायचं. म्हणजे आधी भाडेकरू गाठायचा, त्याच्या सहीवर पैसे उभे करायचे आणि मग घर बांधायला घ्यायचं! १९५३ साली जर्मनीत हॅम्बुर्गला त्याचा 'टीना ओनासिस' हा टँकर पाण्यात उतरला तेव्हा तो जगातला सर्वांत मोठा टँकर होता. मालक ग्रीक, ऑफिस माँटे कार्लोत आणि झेंडा लायबेरियाचा नाहीतर पनामाचा. कर कमी, नियम सैल. हा झेंड्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नशिबाने साथ दिली नाही असंही नाही. १९५४ साली त्याने सौदी अरेबियाच्या राजाशी तेलवाहतुकीचा करार केला. अमेरिकन तेल कंपन्या खवळल्या, त्यांनी त्याच्या जहाजांवर बहिष्कार घातला. टँकर रिकामे उभे राहिले, माणूस बुडणार असंच सगळ्यांना वाटलं. आणि १९५६ साली सुएझ कालवा बंद पडला! तेलाला आफ्रिकेला वळसा घालून जावं लागलं, प्रत्येक कंपनीला टँकर हवे झाले, आणि मोकळे टँकर होते कुणाकडे? त्या एका वर्षात त्याने अमाप कमावलं. गंमत म्हणजे याला कुणी 'वरदान' म्हणत नाही. याला म्हणतात 'धंद्यातली दूरदृष्टी'. चांगलं झालं की स्वतःची हुशारी, वाईट झालं की नियती. हिशेब सोपा आहे.

बाकीची चकाचक तुम्ही वाचलेलीच असेल, म्हणून भराभर सांगते. १९४६ साली स्टाव्रोस लिव्हानोस या मोठ्या जहाजमालकाच्या टीना नावाच्या मुलीशी लग्न. अलेक्झांडर आणि ख्रिस्तिना ही दोन मुलं. युद्धातली कॅनडाची एक फ्रिगेट विकत घेऊन बनवलेली 'ख्रिस्तिना' नावाची यॉट. ऑलिम्पिक एअरवेज ही विमान कंपनी. ऑपेरा गायिका मारिया कॅलासशी प्रकरण, १९६० साली टीनाशी घटस्फोट, आणि १९६८ साली स्कॉर्पिओस या स्वतःच्या बेटावर जॅकी केनेडीशी लग्न.

आणि मग ते मृत्यू. जानेवारी १९७३ : अलेक्झांडर, विमान अपघात, वय २४. ऑक्टोबर १९७४ : टीना, पॅरिसमध्ये, वय ४५. मार्च १९७५ : खुद्द ओनासिस, स्नायू दुबळे करणाऱ्या मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजाराने खचून. सव्वादोन वर्षांच्या आत चौघांपैकी तिघं गेले. उरली २४ वर्षांची ख्रिस्तिना. तीही १९८८ साली ब्यूनोस आयर्समध्ये, म्हणजे बापाने जिथून सुरुवात केली त्याच शहरात, ३७ व्या वर्षी गेली. मागे राहिली चार वर्षांचीही न झालेली मुलगी, अथिना.

माझी रूममेट म्हणते, "अगं, एवढं सगळं एकाच घरात? याला शाप नाही म्हणायचं तर काय?"

मला वाटतं, नाही म्हणायचं. स्मिर्नाच्या आगीत हजारो कुटुंबं होरपळली. त्यातल्या कितीतरी घरांत आई, बाप, मुलं सगळीच गेली. त्यांना कुणी 'शापित घराणं' म्हणून पुरवणीत छापत नाही, कारण त्यांच्याकडे यॉट नव्हती. शाप लागायलासुद्धा श्रीमंती लागते!

आता जरा आपल्या, म्हणजे इंजिनीअरच्या नजरेने बघू.

२२ जानेवारी १९७३. अथेन्सचा एलिनिकॉन विमानतळ. पाण्यावरही उतरू शकणारं पिआज्जो जातीचं छोटं विमान. नव्या पायलटला हे विमान दाखवायला अलेक्झांडर सोबत बसला होता. विमान वर उठलं, काही सेकंदांतच एका बाजूला कललं आणि कोसळलं. बाकीचे दोघे वाचले. अलेक्झांडरच्या डोक्याला जबर मार लागला होता, दुसऱ्या दिवशी तो गेला. तपासात काय निघालं? एलेरॉनची जोडणी उलटी झाली होती.

कॉम्प्युटरवाल्या मित्रांसाठी सांगते. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्या. पायलटने हातातलं चाक उजवीकडे फिरवलं की उजवी पट्टी वर जाते, डावी खाली येते आणि विमान उजवीकडे कलतं. जोडणी उलटी असेल तर नेमकं उलटं होतं. विमान उजवीकडे जरासं कललं म्हणून पायलट ते सावरायला चाक डावीकडे फिरवतो, तर ते उजवीकडेच आणखी कलतं. तो आणखी जोरात फिरवतो, ते आणखी कलतं. पायलट जितका चांगला, जितका चपळ, तितका लवकर खड्ड्यात. जमिनीपासून पाच-पन्नास मीटरवर विचार करायला वेळ कुठून आणणार?

आपण कंट्रोल सिस्टिम्समध्ये हेच शिकतो ना? निगेटिव्ह फीडबॅक सिस्टिमला सावरतो, पॉझिटिव्ह फीडबॅक तिला उधळून लावतो, आणि दोघांत फरक फक्त एका चिन्हाचा. अधिक की उणे. पेपरात हे चिन्ह चुकलं तर आपला एक मार्क जातो. तिथे चोवीस वर्षांचा मुलगा गेला.

आणि हे पकडायला काय लागलं असतं? यंत्र नाही, पैसा नाही. विमान जमिनीवर उभं असताना एकाने आत बसून चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून पट्टी बरोबर बाजूला हलते का ते बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. ज्या घरात स्वतःची विमान कंपनी होती, त्या घरच्या मुलासाठी हे अर्धं मिनिट कुणी काढलं नाही.

ओनासिसला हे पटलंच नाही. हा घातपात आहे असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. पुरावा आणून देणाऱ्याला त्याने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. पुरावा कधीच सापडला नाही. बाप म्हणून मी त्याला समजू शकते. शत्रूने मारलं म्हटलं की निदान कुणावर तरी दात-ओठ खाता येतात. उलट्या जोडलेल्या केबलवर कसं रागावणार? त्याला शत्रू हवा होता आणि आपल्याला शाप हवा असतो, कारण एकच. दोन्हीत 'तपासलं कुणी नाही?' हा प्रश्न विचारावा लागत नाही.

हा प्रश्न मला एवढा का टोचतो ते सांगते. मागच्या सुट्टीत मी एका कारखान्यात (नाव नको) इनप्लांट ट्रेनिंगला होते. तिथे प्रत्येक मशीनला प्लास्टिकच्या पाकिटात एक चेकलिस्ट लटकवलेली. ऑइल लेव्हल, गार्ड, इमर्जन्सी स्टॉप, रोज टिक करायची आणि खाली सही. शनिवारी दुपारी एक काका बसून सोमवारपासूनच्या सगळ्या टिका एका दमात, एकाच पेनाने करत होते. मी विचारलं तर हसून म्हणाले, "मॅडम, मशीन चालतंय ना?" त्यांचंही फारसं चुकत नव्हतं. वरून कागद भरून मागत होते, मशीन बघायला वेळ कुणी देत नव्हतं. मशीन चालतच होतं. पिआज्जोसुद्धा रनवेवरून उठेपर्यंत चालतच होतं.

आता पुरवण्यांत कधीच न येणारी एक गोष्ट. अलेक्झांडरच्या अपघाताच्या तीन वर्षं आधी, ४ फेब्रुवारी १९७० रोजी, 'अ‍ॅरो' नावाचा टँकर कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ, चेडाबक्टोच्या उपसागरात खडकावर आदळला. १९४८ साली बांधलेलं जुनं जहाज. झेंडा लायबेरियाचा. मालकी ओनासिसच्या गटातल्या कंपनीची. साधारण एक कोटी लिटर जड, डांबरासारखं इंधन तेल समुद्रात गेलं. ऐन थंडीत शेकडो किलोमीटर किनारा काळा झाला. पक्षी मेले, मच्छीमारांची जाळी आणि बोटी तेलात माखल्या.

कॅनडा सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यांना जे सापडलं ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आपटण्याच्या तासभर आधीपासून रडार बंद. पाण्याची खोली मोजणारं यंत्र दोन महिने बंद. जायरोकंपासमध्ये तीन अंशांची कायमची चूक. त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या अधिकाऱ्याकडे लायसन्स नाही. म्हणजे दिशा चुकीची, खोली माहीत नाही, समोरचं दिसत नाही, आणि सुकाणूपाशी बिनपरवान्याचा माणूस! रात्री हेडलाइट, ब्रेक आणि लायसन्स या तिन्ही गोष्टींशिवाय घाट उतरणाऱ्या ट्रकला आपण 'शापित ट्रक' म्हणू का?

या अपघातात ओनासिस घरातलं कुणी गेलं नाही, म्हणून तो 'ओनासिसांची शोकांतिका' या यादीत येत नाही. पण माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच यादीतल्या आहेत. जहाज असो की विमान, बघणारं कुणी नव्हतं. फरक एवढाच की पहिल्या वेळी किंमत नोव्हा स्कॉशियाच्या कोळ्यांनी मोजली आणि दुसऱ्या वेळी मालकाच्या घराने. सैल नियमांचा झेंडा शोधणाऱ्याला ढिलाई स्वस्त वाटते. ती स्वस्त नसते, बिल फक्त दुसऱ्याच्या पत्त्यावर जातं, आणि एखाद वेळी पत्ता चुकून घरी येतं. 'अ‍ॅरो'चं बिल तर अजून येतंय. २०१५ साली, पंचेचाळीस वर्षांनी, त्या बुडालेल्या सांगाड्यातून पुन्हा तेल झिरपायला लागलं आणि कॅनडाच्या कोस्टगार्डला ते उपसावं लागलं.

इथे माझी एक मैत्रीण मला अडवेल. सगळंच मेन्टेनन्सवर कसं घालतेस? टीनाचं काय, ख्रिस्तिनाचं काय? माणसं म्हणजे लेथ आहेत का?

मान्य. माणसाला मॅन्युअल नसतं. पण तिथेही मला शाप दिसत नाही. ख्रिस्तिनाचं बघा. आई-बाप वेगळे झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पंचविशीच्या आत भाऊ, आई, बाप गेले. ती निराशेशी झगडत होती, गोळ्यांच्या आहारी गेली होती, हे सगळ्या जगाला माहीत होतं. सगळ्या जगाने काय केलं? तिचं वजन मोजलं आणि लग्नं मोजली. चार! १९७३ नंतर टँकरच्या धंद्यात मोठी मंदी आली, भलेभले जहाजमालक बुडाले. त्या काळात या विशीतल्या मुलीने बापाची कंपनी हातात घेतली आणि बुडू दिली नाही. हे मात्र फार कमी लोक लिहितात. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मुली जेमतेम सात आहोत, म्हणून असेल कदाचित, पण मला तिच्या लग्नांपेक्षा हे जास्त सांगण्यासारखं वाटतं. आजारी माणसाला 'शापित' म्हटलं की त्याला डॉक्टरची, मैत्रिणीची, दोन शब्द बोलणाऱ्याची गरज आहे हे आपण सोयीस्कर विसरतो. आपल्या होस्टेलमध्येसुद्धा असं कुणी गप्प-गप्प असलं की आपण 'तिचं असंच आहे' म्हणून पुढे जातो. तेही एक प्रकारे टिक मारून पुढे जाणंच!

मग या घराण्याचं आज उरलं काय? स्कॉर्पिओस बेटावर बाप, मुलगा आणि मुलगी शेजारी-शेजारी पुरलेले आहेत. पण ते बेट अथिनाने २०१३ साली एका रशियन अब्जाधीशाच्या मुलीला देऊन टाकलं. अथिना स्वतः घोडेस्वारीत, शो-जंपिंगमध्ये रमली. आजोबांचा धंदा तिने पुढे चालवला नाही, आणि मला त्यात तिचं काही चुकलं असं वाटत नाही. 'ख्रिस्तिना' यॉट पर्यटकांना भाड्याने मिळते. अलेक्झांडर गेल्यावर ओनासिसने ऑलिम्पिक एअरवेज ग्रीक सरकारला परत केली होती. ती जुनी कंपनी २००९ साली बंदच झाली.

एक गोष्ट मात्र टिकली. जानेवारी १९७४ मध्ये विमानप्रवासात ओनासिसने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं. संपत्तीचा मोठा भाग ख्रिस्तिनाला, आणि जवळजवळ तेवढाच मोठा वाटा अलेक्झांडरच्या नावाने निघणाऱ्या एका फाउंडेशनला. त्याची रचना बघण्यासारखी आहे. एक संस्था धंदा करते, जहाजं चालवते. दुसरी संस्था त्या नफ्यातून लोकांसाठी खर्च करते. यातून अथेन्समध्ये हृदयशस्त्रक्रियेचं मोठं हॉस्पिटल उभं राहिलं आणि ते बांधून सरकारला देऊन टाकलं. शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. २०१० साली अथेन्समध्ये नाटक-संगीतासाठी 'स्टेगी' नावाचं केंद्र उघडलं. कवाफी या मोठ्या ग्रीक कवीची कागदपत्रं देशाबाहेर विखरू नयेत म्हणून फाउंडेशनने २०१२ साली विकत घेऊन ठेवली.

मी भाबडी नाही. हे फाउंडेशनसुद्धा नोंदवलं लिश्टेनस्टाइनला, म्हणजे पुन्हा दुसरीकडचाच झेंडा! ज्या माणसाने जन्मभर कर वाचवला त्याने मेल्यावर देशाला हॉस्पिटल दिलं. वेळच्या वेळी कर भरला असता तर सरकारला स्वतःच बांधता आलं असतं, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण एवढं नक्की की त्या हॉस्पिटलमधून बरा होऊन घरी जाणारा पेशंट खरा आहे. आणि मला विचाराल तर ओनासिसच्या सगळ्या पसाऱ्यात हीच एक गोष्ट टिकली, कारण ती कुणा एकाच्या मर्जीवर, रक्तावर किंवा नशिबावर सोडलेली नव्हती. कुणी काय करायचं, पैसा कुठून यायचा, कुठे जायचा, हे लिहून ठेवलेलं होतं. तसं पाहिलं तर तेही मेन्टेनन्स शेड्यूलच! मुलाच्या विमानाला जे मिळालं नाही ते त्याच्या नावाच्या संस्थेला मिळालं.

मित्र-मैत्रिणींनो, आणखी दीड वर्षाने आपण सगळे बाहेर पडू. कुणी पुण्याच्या कारखान्यात, कुणी रिफायनरीत, कुणी जहाजावर, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्याच महिन्यात कुणीतरी आपल्यापुढे एक कागद सरकवेल आणि म्हणेल, "इथे फक्त सही कर, बाकी सगळं ओके आहे." त्या वेळी समोरच्याला वाईट वाटेल, आपण नवीन आहोत, उगाच शहाणपणा कशाला, असे शंभर विचार डोक्यात येतील. तरी उठून एकदा बघून या. अर्धंच मिनिट लागतं.

दसऱ्याला वर्कशॉपमधल्या मशिनांना आपण झेंडूचा हार घालतो, हळद-कुंकू लावतो. मला ते मनापासून आवडतं. हार जरूर घाला, फक्त हात पुसण्याआधी ऑइल लेव्हलही बघून घ्या.

— टी. ई. (मेकॅनिकल)